घरासाठी कुटुंबाचा पैसा : बक्षीस की कर्ज?

शहरातील घर बहुधा दोन प्रकारच्या पैशांतून उभे राहते : एक बँकेचा व दुसरा घरातला. १९७७ साली एचडीएफसी ही गृहकर्ज देणारी संस्था स्थापन झाली, त्यापूर्वी मध्यमवर्गीय माणसाला घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज मिळणे दुरापास्त होते. भविष्य निर्वाह निधी, पत्नीचे दागिने व वडिलांची शिल्लक यांवरच त्याची भिस्त असे. आज कर्ज सुलभ झाले आहे. परंतु वडिलांच्या शिलकीची गरज मात्र संपलेली नाही.

याचे कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. कर्जाची रक्कम ३० लाखांपर्यंत असेल तर बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ७५ लाखांपर्यंत असेल तर ८० टक्क्यांपर्यंत व त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते. बेंगळुरूमधील ९० लाखांच्या सदनिकेचे उदाहरण घेऊ. बँकेकडून फार तर ७२ लाख मिळतील. उरलेल्या १८ लाखांत ५ टक्के मुद्रांक शुल्क, त्यावरील उपकर व अधिभार, आणि ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस १ टक्क्यावरून २ टक्के झालेले नोंदणी शुल्क मिळवले, की स्वतः उभी करावयाची रक्कम सुमारे २५ लाख होते.

समजा, बेळगावहून नोकरीनिमित्त बेंगळुरूला आलेल्या एका तरुणाला त्याच्या सेवानिवृत्त वडिलांनी यांपैकी १५ लाख दिले. वडिलांना एक मुलगीही आहे. ही रक्कम बक्षीस समजायची की कर्ज, हा प्रश्न कुटुंबात सहसा कोणी विचारीत नाही. विचारणे परकेपणाचे वाटते. कायदा मात्र तो विचारल्याशिवाय राहत नाही.

बक्षीस म्हणजे मोबदल्याशिवाय दिलेली व घेणाऱ्याने स्वीकारलेली वस्तू. ते एकदा पूर्ण झाले की केवळ इच्छा बदलली म्हणून परत मागता येत नाही. १९५८ चा बक्षीस कर कायदा १ ऑक्टोबर १९९८ पासून दिलेल्या बक्षिसांना लागू राहिला नाही. आयकर कायद्यानुसार आईवडील, आजीआजोबा, भावंडे, काका, मामा, आत्या, मावशी अशा नातलगांकडून मिळालेले बक्षीस घेणाऱ्याच्या हाती करमुक्त असते. मात्र मामा या व्याख्येत बसतो, मामेभाऊ बसत नाही. नातलग नसलेल्यांकडून वर्षात एकूण ५०,००० रुपयांहून अधिक मिळाले, तर ती सर्व रक्कम करपात्र ठरते.

कर्जाचे नियम निराळे आहेत. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेता येत नाही, मग देणारा सख्खा बाप का असेना. व्यवहार बँकेमार्फतच झाला पाहिजे. वडिलांनी व्याज घेतले तर ते त्यांचे उत्पन्न धरले जाते. मुदतीचा नियम तर अनेकांना ठाऊकच नसतो. परतफेडीची तारीख न ठरवता दिलेल्या हातउसन्या रकमेसाठी १९६३ च्या मुदत कायद्यानुसार, कर्ज दिल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. त्या अवधीत ऋणकोने देणे लेखी मान्य करून सही केली, तर नवी तीन वर्षे सुरू होतात. अन्यथा नैतिक ऋण उरले, तरी न्यायालयाचे दार बंद होते.

खरा धोका या दोन प्रकारांची सरमिसळ करण्यात आहे. वडिलांची रक्कम कर्ज असल्यास बँक तिचा बोजा मुलाच्या हप्ते फेडण्याच्या ऐपतीतून वजा करू शकते. म्हणून बँकेला ‘हे बक्षीस आहे, परत मागणार नाही’ असे पत्र लिहून दिले जाते, आणि घरात मात्र ‘जमेल तसे फेड’ असे ठरते. बँकेपुढील हे निवेदन असत्य असते, हा एक भाग. परंतु पुढे वाद झाला तर वडिलांची सहीच वडिलांविरुद्ध पुरावा होते. शिवाय खरेदीखतात नाव नसेल, तर केवळ पैसे दिले म्हणून त्यांना घरात आपोआप हिस्सा मिळत नाही.

या गफलतीची झळ मुलीलाही लागते. वडील मृत्युपत्र न करता वारले, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलगा व मुलगी यांचे हिस्से समान असतात. परंतु मुलाला हयातीत मिळालेले बक्षीस त्याच्या हिश्शातून वजा करण्याची तरतूद त्या कायद्यात नाही. तीच रक्कम फेडावयाचे कर्ज असती, तर ते येणे वडिलांच्या मालमत्तेत मोजले गेले असते व त्यात मुलीचाही वाटा असता.

म्हणून पैसे देण्यापूर्वीच निर्णय व्हावा. उतारवयात या रकमेवाचून आपले भागेल अशी वडिलांची खात्री असेल, तर बक्षीस द्यावे. तसे पत्र करावे, आणि मुलीला समान न्याय देण्याची इच्छा असेल तर ती मृत्युपत्रात नमूद करावी. तशी खात्री नसेल, तर ते कर्जच ठेवावे : रक्कम, व्याज व परतफेडीची तारीख लिहून सही घ्यावी, आणि बँकेलाही तेच सांगावे. कर्ज त्यामुळे थोडे कमी मिळेल व घर कदाचित एका खोलीने लहान होईल. पण वडिलांचा आधार शाबूत राहील. कुटुंबात कागद करणे हे अविश्वासाचे लक्षण मानले जाते. वस्तुतः बोलणारी माणसे उरत नाहीत, तेव्हा त्यांचा हेतू सांगणारा कागदच तेवढा मागे राहतो.