स्वार तोच, घोडा नवा

आमच्या बदलापूरच्या नावाची एक कथा जुनी मंडळी सांगतात. मराठ्यांचे स्वार गुजराथेकडे दौडत निघाले की इथे थांबत, दमलेले घोडे सोडून ताजे घेत आणि पुढची वाट धरीत. घोडे बदलण्याचे गाव, म्हणून बदलापूर. कथा खरी की मागाहून रचलेली, याचा निवाडा इतिहाससंशोधकांनी करावा. मला ती गेल्या श्रावणात फार आठवली, कारण कात्रपातल्या आमच्या दोन खोल्यांत तेव्हा असाच एक घोडा बदलला गेला. स्वार मात्र जुनाच राहिला. स्वार म्हणजे माझ्या संगणकातली विंडोज, आणि घोडा म्हणजे तिला पाठीवर वागवणारी हार्ड डिस्क.

मी घरबसल्या मराठी अक्षरजुळणीचे काम करते. पूर्वी खिळे जुळवीत, आता कळा दाबतात, एवढाच फरक. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, वाचनालयाचे अहवाल, एखाद्या हौशी कवीचा पहिला आणि बहुधा शेवटचा संग्रह, असे काय काय माझ्या हातांखालून गेले आहे. माझा संगणक २०१० सालचा. त्यात विंडोज ७ आणि ३२० जीबीची डिस्क. गेल्या वर्षी तो म्हातारपणाच्या वाटेला लागला. सकाळी बटण दाबावे, चहा टाकावा, चहा पिऊन कपबशी विसळावी, तेव्हा कुठे पडद्यावर चित्र येई. पुढे आतून ‘कट्-कट्’ असा आवाज येऊ लागला. आमच्या यांनी तो पालीचा ठरवला आणि दोन दिवस पाल शोधली.

दुरुस्तीवाल्याला दाखवले. तो म्हणाला, “काकू, डिस्क गेली म्हणून समजा. नवी टाकू, नवी विंडोज भरू. तुमच्या फायली तेवढ्या पेन ड्राइव्हवर काढून ठेवा.”

शंभरांतल्या नव्वद घरांना हा सल्ला उत्तम आहे. मी त्या उरलेल्या दहांतली. माझ्या फायली दोन-दोन ठिकाणी जपून ठेवलेल्या होत्याच. प्रश्न फायलींचा नव्हता, त्या वाचणार कोण हा होता.

हे जरा उलगडून सांगायला हवे. आज तुम्ही फोनवर मराठी लिहिता ते युनिकोडमध्ये. त्यात ‘क’चा एक ठरलेला क्रमांक आहे आणि तो साऱ्या जगात ‘क’च असतो. देवनागरीला ही सोय १९९१ साली कागदोपत्री मिळाली. घरच्या संगणकावर ती विंडोज २०००बरोबर आली, र. कृ. जोशी यांनी घडवलेले ‘मंगल’ अक्षर घेऊन. पण मराठी छपाई त्यासाठी थांबून राहिली नव्हती. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम अशा प्रणाल्यांनी त्याआधीच आपली तोड काढली होती. इंग्रजी अक्षरांच्याच जागी आपले काने, मात्रा, वेलांट्या नि अर्धी अक्षरे बसवून दिली. छापून आले की सुरेख मराठी. पण तीच फाइल त्या प्रणालीवाचून उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे यांचा सडा पडलेला दिसतो. शिवाय प्रत्येक प्रणालीचा सडा निराळा!

त्यात माझी पाने पेजमेकरमधली. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ साली आली आणि तीच शेवटची ठरली. माझ्या मराठी प्रणालीची सीडी इतक्या पावसाळ्यांत ठिपके पडून निकामी झालेली. प्रणालीचे ‘लॉक’, म्हणजे संगणकाच्या पाठीशी खोचायचे ते बोटभर खुंटीएवढे यंत्र, तेवढे शाबूत. कुलूप आहे, पण दार फक्त त्या जुन्या विंडोजमध्ये. ती पुसली की दारच गेले.

आणि त्या दारामागे गुरुजींच्या ओव्या होत्या.

गुरुजी मुरबाड तालुक्यात शिक्षक होते. गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या त्यांनी उतरून घेतल्या. कुणी म्हटली, कोणत्या गावी, दळताना की कांडताना, सारे नोंदवून. मी त्या २०११ ते २०१४ या काळात जुळवल्या. पाने भरली ४१८. छापायला पैसे नव्हते म्हणून काम राहिले. मग २७ जुलै २०१९ उजाडला. महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली होती, तो दिवस. गुरुजींचे तळमजल्यावरचे घर उल्हास नदीच्या बाजूला. वह्या, मुद्रिते, सारे भिजून लगदा झाले. मागल्या वर्षी गुरुजीही गेले. त्यांच्या मुलीला आता पुस्तक काढायचे आहे, गावांच्या सूचीसकट, शब्दकोशासकट. माझ्याकडे पानांची पीडीएफ होती. पण पीडीएफ म्हणजे काचेतले लोणचे. दिसते, वाढून घेता येत नाही. तीवरून काम करायचे तर चारशे अठरा पाने पुन्हा बडवायला हवीत, आणि आता डोळे पूर्वीचे राहिलेले नाहीत.

आमच्या समोरच्या बिऱ्हाडातला मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “मग नवी विंडोज भरायचीच नाही, काकू. आहे तीच उचलून न्यायची.”

“कॉपी-पेस्ट करून?” मी विचारले.

“तसं नाही जमत.”

का जमत नाही, हे त्याने सांगितले ते मला आमच्या कात्रपाच्या भाषेत कळले. इथली निम्मीअधिक वस्ती गिरगाव, परळ, दादर इथून बिऱ्हाड हलवून आलेली. टेंपोत घातले की सामान येते. पण रेशनकार्ड, गॅसची नोंद आणि पोस्टमनच्या डोक्यातला पत्ता टेंपोत येत नाही. विंडोजचे तसेच. तिच्या फायली हे सामान झाले. संगणक सुरू होताना मात्र त्याला आधी फायली दिसतच नाहीत. माझ्यासारख्या जुन्या यंत्रात तो डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइट वाचतो. एक बाइट म्हणजे इंग्रजीचे एक अक्षर समजा. एवढ्याशा चिठोऱ्यात एक चिमुकली आज्ञावली आणि डिस्कचे भाग कुठे सुरू होतात त्याचा तक्ता असतो. हे चिठोरे कुठल्याच फोल्डरमध्ये नसते, म्हणून कॉपी करणाऱ्याच्या हाती लागत नाही. अलीकडच्या संगणकांत त्याच्या जागी एक वेगळा लपलेला कप्पा असतो. तोही असाच मागे राहतो. शिवाय चालू विंडोज आपल्या कित्येक फायलींना हातच लावू देत नाही. तेव्हा घर हलवायचे तर मालक झोपेत असताना, भिंतींसकट हलवावे लागते.

त्यासाठी संगणक पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू करतात; जुनी विंडोज जागीच होत नाही. डिस्क धडधाकट असेल, तर तैवानमध्ये तयार झालेली क्लोनझिला नावाची प्रणाली हे काम बिनबोभाट करते, आणि तिला पैसे पडत नाहीत. आमची डिस्क धडधाकट नव्हती. मुलाने तिचा दाखला काढून पाहिला. प्रत्येक हार्ड डिस्क आपल्या आजारपणाची नोंद स्वतःच ठेवते, हे मला नवेच होते. खराब झालेल्या जागा बाजूला टाकून राखीव जागा वापरायला तिने केव्हाच सुरुवात केली होती, आणि आता राखीवही पुरेनाशा झाल्या होत्या.

पण तिला नावे ठेवायला माझी जीभ वळत नाही. १९५६ साली आयबीएमने पहिली डिस्क बाजारात आणली, ती टनाहून जड होती. दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, आणि त्यांत मावत जेमतेम पन्नास लाख अक्षरे. माझी हातभरही नसलेली डिस्क त्याच्या हजारो पटींनी अधिक पोटात घेऊन मिनिटाला ७२०० फेरे मारीत होती, सेकंदाला १२०! वर तबकडीला न टेकता तरंगणारी सुई. विंडोज सुरू व्हायला हजारो लहान फायली लागतात, आणि दर फाइलसाठी ती सुई इकडून तिकडे पळवावी लागते. चहा गार होतो तो या पळापळीत. नव्या एसएसडीत फिरणारे काहीच नसते. विजेचा भार इवल्या कप्प्यांत कोंडून ठेवलेला असतो, त्यामुळे हवी ती जागा जवळजवळ शंभरपट लवकर सापडते.

लॅमिंग्टन रोडवरून ४८० जीबीची एसएसडी आणली. पैसे लागले साधारण एका लग्नपत्रिकेच्या कामाचे. माप मुद्दाम मोठे घेतले. जशीच्या तशी नक्कल करायची तर नवी डिस्क जुनीहून लहान चालत नाही.

रात्री साडेनऊला बसलो. मुलाने डीडीरेस्क्यू नावाची प्रणाली काढली. तिची रीत मला फार शहाणपणाची वाटली. खराब जागा आली की ती तिथे डोके आपटीत बसत नाही. पुढे जाऊन आधी चांगले तेवढे उचलते, आणि शेवटी मागे वळून दुखऱ्या जागांना हळूहळू हात घालते. मरणोन्मुख डिस्कचे किती श्वास उरलेत कुणाला ठाऊक. ते आधी चांगल्या कामी लावावेत.

आज्ञा देण्यापूर्वी मुलगा थांबला. “काकू, दोन्ही डिस्कांवरचे नंबर मोठ्याने वाचा.” मी चष्मा लावून वाचले, त्याने पडद्यावर ताडून पाहिले. “पुन्हा वाचा.” पुन्हा वाचले. कुठून आणि कुठे, ही दोन नावे उलटली तर कोरी डिस्क भरलेलीवर उतरते आणि मग कुणाचेच काही चालत नाही. या सबंध कामात माणसाच्या हातून होऊ शकणारा खरा घात तेवढाच. एरवी जुनी डिस्क नुसती वाचली जाते, तिच्यावर काही लिहिले जात नाही.

पावणेअकराला वीज गेली. बाहेर पाऊस, आत अंधार, आणि हे म्हणाले, “संपलं!” मुलगा मात्र शांत. कुठवर काम झाले याचा नकाशा ती प्रणाली दुसऱ्या एका पेन ड्राइव्हवर लिहीत होती. बाराला दिवे आले, संगणक सुरू केला, नकाशा दाखवला आणि गाडी थांबल्या जागेवरून पुढे निघाली. दोनच्या सुमारास सगळे चांगले उचलून झाले. दुखऱ्या जागा सुटायला पहाट झाली. शेवटी न वाचता आलेले राहिले ३६ किलोबाइट. ३२० जीबीत ३६ किलोबाइट म्हणजे पोत्यातला दाणासुद्धा नव्हे. पण तो दाणा ओव्यांतला असला तर?

यावरही युक्ती आहे. नकलेत जिथे जिथे वाचता आले नव्हते, तिथे मुलाने एक खुणेचा शब्द भरला आणि मग सगळ्या फायलींत तो शब्द शोधला. बहुतेक जागा रिकाम्या निघाल्या. एकच फाइल सापडली: पत्रिकेवरचा गणपती. माझ्याकडे पत्रिकांचे साठ-सत्तर गणपती आहेत. त्यांतला एक आता सोंडेपासून खाली करडा आहे. विघ्न त्याने स्वतःवर घेतले असे आमचे हे म्हणतात. मी नुसती हसते.

संगणक बंद करून जुनी डिस्क काढली आणि तिच्याच वायरीवर नवी लावली. दोघींना एकत्र ठेवून सुरू करू नये, कारण नकलेत डिस्कची ओळखखूणही तीच उतरते. एकाच नावाच्या दोघी दारात पाहून विंडोज एकीला घरात घेत नाही. बटण दाबले. चहा टाकायला उठले, तो गॅस पेटवण्याआधीच मुलगा ओरडला, “काकू, आली!” तेच जुने निळे चित्र, तीच माझी फोल्डरे. लॉकवरचा दिवा लागला. पेजमेकर उघडला, गुरुजींची फाइल उघडली. पहिल्याच पानावर मोहाच्या झाडाखालची ओवी होती, शुद्ध मराठीत.

एक सावधगिरी सांगून ठेवते. घोडा नवा झाला म्हणून स्वार तरुण होत नाही. विंडोज ७ला कंपनीकडून मिळणारी सुरक्षेची डागडुजी १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. म्हणून माझ्या संगणकाची इंटरनेटची वायर काढून टाकली आहे. विंडोज १०ची नेहमीची डागडुजीही १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. ज्यांच्या घरी ती आहे त्यांनी डिस्क बदलावी, वेग नक्की वाढेल. पण बँकेचे व्यवहार त्या भरवशावर करू नयेत. आणखी एक. जुनी डिस्क मरण्याआधी कट्-कट् करून सांगते तरी. एसएसडी पुष्कळदा एका सकाळी नुसतीच गप्प होते. तेव्हा नकला ठेवणे सुटले असे कुणी समजू नये. आणि जुनी डिस्क लगेच भंगारवाल्याच्या काट्यावर घालू नये. माझी कपाटात आहे, तारीख घालून. पुस्तक छापून झाले की आतले सगळे पुसून मग द्यायची.

पुस्तकाचे काम आता चालू आहे. जुन्या अक्षरांचे युनिकोड करणाऱ्या प्रणाल्या मिळतात, पण त्या रफारावर आणि जोडाक्षरांवर ठेचकाळतात. ओव्यांतली बोली तर त्यांना उमगतच नाही. म्हणून डावीकडे जुन्या संगणकावर मूळ पान आणि उजवीकडे मुलाने दिलेल्या लॅपटॉपवर नवे, असे ओळ-ओळ ताडून पाहावे लागते. गुरुजींची मुलगी रविवारी येते. ती मोठ्याने वाचते, मी दुरुस्त करते. परवा ती ‘कांडताना’ नोंदलेल्या एका ओवीपाशी थांबली आणि वाचायची सोडून म्हणू लागली. ही चाल तिच्या आजीची. दिवाळीपर्यंत एकशे दहा पाने झाली आहेत.