न सुटणारी गोळी

दिवाळीतली टिकली आठवते? लाल कागदावरचा करडा ठिपका, दगडाने ठेचला की फट्! आता एखाद्या काडतुसाचं बूड डोळ्यांसमोर आणा. मधोमध एक छोटी गोल चकती बसवलेली असते. ती म्हणजे टिकलीची थोरली बहीण. आतलं रसायन वेगळं, पण स्वभाव तोच : ठेचलं की पेटायचं. फायरिंग पिन त्या चकतीवर आदळते, ठिणगी बारीक भोकातून दारूपर्यंत पोचते, दारूचा वायू होतो. 9 मिलिमीटरच्या काडतुसात या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे 2,400 पटींपर्यंत चढू शकतो, आणि सात-आठ ग्रॅमची गोळी आवाजाच्या वेगाच्या आसपास बाहेर पडते. पापणी लवायच्या आत सगळं आटोपलेलं असतं.

पण त्या चकतीला काय ठाऊक, तिला कोणी ठोकलं? माणसाने विचार करून चाप ओढला, की पिस्तूल फरशीवर आपटलं? तिला फक्त धक्का कळतो. मग कंबरेला लटकणारं, हातातून पडणारं, जीपमधून आदळत-आपटत जाणारं शस्त्र एरवी गप्प कसं बसतं? मला तर गोळी सुटण्यापेक्षा ती न सुटण्याचंच नवल जास्त वाटतं.

या चकतीचा मूळपुरुष एक पाद्री आहे, यावर विश्वास बसेल? अलेक्झांडर फॉरसाइथ, स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचा धर्मोपदेशक. गृहस्थाला शिकारीचा नाद. त्या काळच्या चकमकीच्या बंदुकीत आधी बाहेर भपकन जाळ व्हायचा आणि मग बार उडायचा. मधल्या क्षणात पाखरं सावध व्हायची. वैतागून त्याने धक्क्याने पेटणारं रसायन बंदुकीला जोडलं आणि 1807 मध्ये पेटंट मिळवलं. त्यातूनच पुढे तांब्याची टोपी आली. कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीवर ती आजही चढवतात. पाखरांची सवलत गेली; पण बंदूकवाल्याचीही गेली, कारण आता नुसता धक्का पुरेसा होता. रानातून जाताना भरल्या बंदुकीचा घोडा, म्हणजे टोपीवर आपटणारी हातोडी, फांदीत अडकला, मागे खेचला जाऊन सुटला, की झालंच.

अमेरिकेतली 1873 ची कोल्ट रिव्हॉल्व्हर घ्या, काउबॉयच्या चित्रपटांतली. तिची पिन थेट घोड्यावर बसवलेली असायची. घोडा खाली टेकवला की पिनेचं टोक काडतुसाच्या चकतीशी जवळजवळ भिडलेलं. घोड्यावर जोराचा फटका बसायचा अवकाश! त्या पिढीतल्या शस्त्रांची ही खोड किती जिवावरची होती, हे 1876 च्या जानेवारीत विचिटा शहरातल्या एका पोलिसाला कळलं. दारूच्या गुत्त्याच्या मागच्या खोलीत तो चार माणसांत बसला होता. रिव्हॉल्व्हर म्यानातून निसटली, पडता पडता घोडा खुर्चीवर आपटला असावा, आणि गोळी त्याच्याच कोटातून आरपार जाऊन भिंतीवर आदळून छतातून बाहेर गेली. पोलिसाचं नाव वायट अर्प, पुढे अमेरिकेच्या पश्चिमेतला अतिशय नावाजलेला बंदूकबाज. जाणकार लोक सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसं भरत आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवत. पुढे 1931 साली निघालेल्या अर्पच्या चरित्रात हाच सल्ला त्याच्या तोंडी आहे. कोटाच्या भोकाबद्दल मात्र तो तिथे काही बोलत नाही!

ही गोष्ट केवळ दीडशे वर्षांपूर्वीची नव्हे. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईत अभिनेता गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. कपाटात ठेवताना ती हातातून निसटली, असं तेव्हा सांगण्यात आलं.

यावरचा उपाय इतका साधा आहे, की ऐकून हसू येतं. घोडा आखूड करायचा! आयव्हर जॉन्सन या अमेरिकन कंपनीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याचं तोंड असं कोरलेलं असे, की तो कितीही आपटला तरी चौकटीला टेके. पिनेपर्यंत पोचतच नसे. मग गोळी झाडायची कशी? चाप ओढला की पोलादाची एक छोटी पट्टी वर सरकते आणि घोडा व पिन यांच्यामधली फट भरून काढते. घोडा पट्टीवर, पट्टी पिनेवर. चाप सोडला की पट्टी खाली, फट पुन्हा मोकळी. कंपनी जाहिरातीत भरलेल्या रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावर चक्क सुताराचा हातोडा मारताना दाखवायची.

तरी यंत्राची परीक्षा संपली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात, 1944 मध्ये, अमेरिकी नौदलातल्या एका खलाशाची रिव्हॉल्व्हर जहाजाच्या पोलादी डेकवर पडली, गोळी सुटली आणि तो दगावला. ती स्मिथ अँड वेसनची होती आणि तिच्यात घोडा अडवणारा तुकडा होताही. पण गंज टाळण्यासाठी लावलेलं ग्रीस घट्ट झालं, की तो जागच्या जागी रुतून बसू शकत होता. कंपनीने घाईघाईने नवी रचना केली. नव्या तुकड्याला हलवायचं काम नुसत्या स्प्रिंगच्या मर्जीवर सोडलं नाही.

आजची चांगली, धड अवस्थेतली पिस्तुलं पडूनही सहसा गप्प राहतात. मग अपघात होतात कुठून? बहुतेक वेळा बोटातून. आणि इथे शरीरशास्त्र आपल्याला चकवतं. रॉजर इनोका या अमेरिकी शास्त्रज्ञाने नकळत होणाऱ्या आकुंचनाचे तीन प्रसंग मांडले आहेत : माणूस दचकतो, त्याचा तोल जातो, किंवा एका हाताने जोर लावताना दुसऱ्या हाताचे स्नायूही आवळले जातात. डाव्या हाताने कुणाला ओढा, उजव्या हाताची मूठ आपोआप घट्ट होते. पिस्तुलाचा चाप ओढायला दोन-अडीच किलोचा जोर पुरतो. धडधाकट माणसाची मूठ चाळीस किलोपर्यंत आवळू शकते. चापावर आधीच ठेवलेलं बोट या हिशेबात कसं टिकणार? म्हणून ते चापाच्या बाहेर, चौकटीवर सरळ ठेवायला शिकवतात. तिथे ते कितीही आवळलं तरी काही बिघडत नाही.

दुसरा चकवा पिस्तुलाच्या पोटात. गोळ्या भरलेलं मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं, असं वाटतं. पण एक गोळी आधीच नळीच्या मागच्या टोकाशी, चेंबरमध्ये चढलेली असू शकते. ती मॅगझिनबरोबर येत नाही. त्यात ग्लॉकसारखी पिस्तुलं सफाईसाठी उघडताना चाप ओढावाच लागतो! साफ करताना गोळी सुटल्याच्या कितीतरी बातम्यांचं मूळ इथे सापडतं. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे खेचून आत डोळ्यांनी पाहायचं, बोटानेही चाचपायचं. क्रम उलटला, स्लाइड आधी खेचली, तर मॅगझिनमधली पुढची गोळी गुपचूप आत जाऊन बसते.

जेफ कूपर या अमेरिकी प्रशिक्षकाने हे सगळं चार नियमांत बसवलं : प्रत्येक शस्त्र भरलेलंच समजा, जे उद्ध्वस्त करायचं नाही त्याच्यावर नळी रोखू नका, नेम धरेपर्यंत बोट चापावर नको, आणि लक्ष्य कोणतं व त्याच्या मागे काय आहे ते ओळखा. मला यातली गंमत अशी वाटते, की हे नियम एकमेकांवर मुद्दाम चढवलेले आहेत. बोट चुकलं तरी नळी जमिनीकडे असेल तर भोक फरशीला पडतं. नळी चुकली तरी बोट बाहेर असेल तर काहीच होत नाही. माणूस जखमी व्हायला सहसा दोन चुका एकाच क्षणी व्हाव्या लागतात.

अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे ज्या खेळात नावाजले, त्या नेमबाजीत तर डोळ्यांवरही भरवसा ठेवत नाहीत. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वापरात नसलेल्या शस्त्रात भडक रंगाची सुरक्षा-खूण घालावी लागते. एअर रायफलमध्ये ती नळीतून आरपार जाणारी दोरी असते. मागे चेंबरपासून पुढे तोंडाबाहेर, दोन्ही टोकं लांबूनही दिसणारी. नळीत छर्रा असेल तर दोरी पुढे जाणारच नाही. पंचाला कुणाला काही विचारावं लागत नाही. आणि ही दोरी फार भारी हवी असंही नाही : गवत कापायच्या यंत्रात घालतात ती नारिंगी नायलॉनची तार मापाने कापून कित्येक नेमबाज तीच वापरतात.