नथीतलं चिमूटभर क्रोमियम

पोरांनो, आपल्या विटा-आटपाडीकडची आणि तिकडे साताऱ्यातल्या माण-खटावची माणसं पिढ्यान्‌पिढ्या काय करत आली, ठाऊक आहे ना? गलाई. पावसानं पाठ फिरवली, शेत करपलं, की घरातला एखादा तरणा गडी बाहेर पडायचा आणि थेट केरळ, पंजाब नाहीतर कलकत्ता गाठायचा. तिथल्या सराफकट्ट्यावर भट्टी लावून जुन्या दागिन्यांचं सोनं शुद्ध करून द्यायचा.

फार कसबाचं काम आहे हे. दागिन्याच्या सोन्यात तांबं, चांदी मिसळलेली असते. गलाईवाला ती काढण्याआधी वरून आणखी चांदी घालतो! शुद्ध करायचंय आणि वर भर कशाला? तर सोन्याच्या तिपटीच्या आसपास चांदी झाली, की तेजाबाला आतपर्यंत वाट मिळते. मग तेजाबात चांदी-तांबं विरघळतं, तांबूस वाफा उठतात आणि तळाशी तपकिरी गाळ उरतो. पाहणाऱ्याला वाटावं, माती आहे. तेच सोनं. टाकणखार घालून मुशीत आटवलं की लखलखू लागतं. उरलेल्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली, की विरघळलेली चांदीसुद्धा गाळ होऊन परत मिळते.

पण दागिना मुशीत टाकण्याआधी त्यातले खडे, मोती काढून ठेवतात. मोती तर आगीत टिकत नाही, पाचू तडकतो, आणि हिरा म्हणजे शेवटी कोळशातलाच कार्बन, भरपूर हवा आणि आच मिळाली तर जळूनही जातो. त्या बाजूला काढलेल्या खड्यांची गोष्ट मला आज सांगायचीय, कारण ती सोन्याच्या अगदी उलटी आहे. सोन्यातली भेसळ काढली की किंमत वाढते. खड्यातली भेसळ काढली, तर रंगच निघून जाईल.

तुमच्या आत्याची नथ आठवा. मोत्यांच्या मध्ये एक लाल आणि एक हिरवा खडा. लाल ते माणिक. माणिक म्हणजे कुरुंद, ॲल्युमिनियम आणि प्राणवायू यांचा स्फटिक. धार लावणाऱ्याच्या चाकाला जो कणखर कुरुंद वापरत, तोच. अगदी शुद्ध कुरुंद पाण्यासारखा बिनरंगी असतो. त्यात शंभरात एखादा भाग क्रोमियम मिसळला, की तो रक्तासारखा लाल होतो. आता हिरवा पाचू बघा. तो निराळं खनिज, वैदूर्याच्या कुळातला, त्यात बेरिलियम आणि सिलिका असते. त्याला हिरवा कोण करतो? पुष्कळदा तोच क्रोमियम!

एकच धातू इथे लाल, तिथे हिरवा, हे कसं? क्रोमियमचा अणू दोन्ही खड्यांत प्राणवायूच्या सहा अणूंच्या घेऱ्यात बसलेला असतो. माणकात या घेऱ्याची अणूवरची पकड जास्त घट्ट असते, तेव्हा तो अणू उजेडातला हिरवा-पिवळा भाग गिळतो आणि लाल सोडून देतो. पाचूत ती पकड किंचित सैल असते, तिथे तो तांबडा भाग गिळतो आणि हिरवा उरतो. त्या पकडीत इतका बारीक फरक, की तो मोजायला मोठी यंत्रं लागतात. आपल्या डोळ्यांना मात्र तो लग्नघरात पलीकडच्या पंगतीतून दिसतो.

आणखी एक सांगतो. याच कुरुंदात क्रोमियमऐवजी लोह आणि टायटॅनियम अगदी कणभर शिरले, की होतो नीलम. आपल्याकडे माणिक सूर्याचं मानतात आणि नीलम शनीचा. पुराणात शनी हा सूर्याचा मुलगा, आणि बापलेकांचं पटत नाही. म्हणून काही जण दोन्ही खडे एकत्र घालू देत नाहीत. खड्यांत मात्र ते भांडण नाही, ते एकाच खनिजाचे आहेत. माझं मन विचाराल, तर खड्याला अर्थ माणसानं दिला आणि तो मोलाचा आहे. कुंकवाचा लाल, चुड्याचा हिरवा नथीत यावा असं ज्या बाईला वाटलं, तिच्या मनाची ती ठेव आहे. पण साडेसातीच्या धास्तीनं कर्ज काढून नीलम घेऊ नये. तसं कुणी केलेलं कळलं, की मला फार वाईट वाटतं.

‘मग आपल्या डोंगरात का नाही माणिक?’ असं धाकट्यानं विचारलं होतं. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. कोयनेचे भूकंप का होतात ते समजून घ्यायला शास्त्रज्ञांनी तिथे खोल छिद्रं घेतली, तेव्हा जवळजवळ किलोमीटरभर हाच पाषाण लागला आणि मग खाली ग्रॅनाइट. या पाषाणात सिलिका मुबलक. सिलिका भेटली, की ॲल्युमिनियम तिच्याशी जोडला जातो, एकटा कुरुंद होऊन राहत नाही. म्हणून माणिक ब्रह्मदेशातल्या मोगोकच्या संगमरवरात सापडलं, जिथे सिलिकेचा तुटवडा होता. पण आपला डोंगर रिकामा नाही हं. लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पाणी झिरपलं आणि भिंतींवर गारेचे स्फटिक वाढले. विहीर खणताना असा दगड फुटतो. कधी आत जांभळी गार निघते. तिचा रंगही भेसळीचाच, थोडं लोह आणि खडकातला नैसर्गिक किरणोत्सर्ग. तापवली तर पिवळी पडते.

मोत्याचं एवढंच सांगतो, की तो दगड नाही. शिंपल्यातला जीव अंगात शिरलेल्या उपऱ्याभोवती चुन्याचे पातळ थर चढवतो, आणि त्या थरांवरून परतणाऱ्या उजेडातून मोत्याचं पाणी दिसतं. म्हणून घामाचं, अत्तराचं त्याला वावडं. नथ सगळ्यात शेवटी घालावी आणि मऊ कापडानं पुसून ठेवावी.

आता पुन्हा माणकाकडे येऊ. सांगलीत गाडगीळांची सराफी पेढी 1832 साली सुरू झाली, तेव्हा माणिक म्हणजे खाणीतलंच. 1902 साली व्हर्नुई नावाच्या फ्रेंच माणसानं ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी क्रोमियमसह दोन हजार अंशांच्या ज्योतीतून गाळून माणिक घडवल्याचं जाहीर केलं. माझ्या जुन्या एचएमटी घड्याळावर 17 ज्वेल्स लिहिलंय ना, ते आत चाकांखाली बसवलेले असेच घडवलेले खडे. चाकं झिजू नयेत म्हणून.

नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधारात माणकावर धरा. पुष्कळदा खडा निखाऱ्यासारखा लाल पेटतो. खाणीतलाही पेटतो आणि ज्योतीत घडवलेलाही, म्हणून त्यावरून निवाडा करू नका. त्यासाठी भिंग घ्या. खाणीतल्या माणकात वाढीच्या रेषा सरळ आणि कोनात वळलेल्या दिसतात, ज्योतीत थेंबाथेंबानं वाढलेल्यात त्या गोलाकार असतात.