पिशवी आधी भोकापाशी फाटते

ही पुरवणी वाचून झाली की तिचं एक पान घ्या आणि वरून खाली फाडा. पट्टी सरळ सुटते. आता तेच पान आडवं फाडून पाहा. फाट वेडीवाकडी पळते. कागद कारखान्यात लगदा धावत्या जाळीवर पडतो तेव्हा बहुतेक तंतू यंत्राच्या दिशेनं लांबट पडतात, आणि पुढे छापखान्यात रीळही त्याच दिशेनं धावतं. तंतूंच्या रांगांमधून फाडणं सोपं, रांगा तोडत फाडणं अवघड. म्हणून रद्दीची पिशवी करताना बातम्यांचे रकाने उभे राहतील असंच पान धरावं. वजन खाली ओढतं, आणि तंतूंच्या दिशेनं वर्तमानपत्री कागद आडव्यापेक्षा सहज दुप्पट ताण सोसतो.

भोकरच्या बाजारपेठेत रद्दीची पुडी काही नवी नाही. मार्च 2018 मध्ये राज्यानं प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, 23 जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्या खेपेला 5,000 रुपये. तेव्हापासून तपकिरी क्राफ्ट पिशवीही गावोगावच्या दुकानांत शिरली. पण ती एकदा वापरून उकिरड्यावर टाकली तर पर्यावरणाचं भलं होत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं 2011 साली मांडलेला हिशेब असा, की एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीशी तापमानवाढीच्या बाबतीत बरोबरी करायची तर कागदी पिशवी किमान तीनदा वापरावी लागते. सुती पिशवीचा आकडा 131! आपल्याकडे हे आकडे थोडे बदलतील, पण दिशा तीच राहील.

तीनदा टिकायची तर पहिला शत्रू पाणी. भोकर तालुक्यात कापूस पिकतो, आणि कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. कागदही मुख्यतः सेल्युलोजचाच. तरी सुती दोरा भिजला की आणखी मजबूत होतो, आणि कागद भिजला की त्याची ताकद दहाव्या भागाहूनही खाली येते. पदार्थ एकच, फरक आहे तो जोडाचा. सुताला पीळ असतो. तंतू फुगले की ते एकमेकांना अधिकच घट्ट धरतात. कागदात पीळ नाही. तिथं शेजारशेजारच्या तंतूंना हायड्रोजन बंध जखडून ठेवतात, आणि पाण्याचे रेणू नेमके त्या बंधांच्या जागा बळकावतात. तंतू शाबूत राहतात, पण एकमेकांवरून घसरतात. म्हणजे ओली मेथी किंवा धुतलेली वांगी कागदी पिशवीत टाकली की पिशवी हातातून जाणार. भाजीला कापडी पिशवीच बरी. कागदी पिशवी सुक्या मालासाठी ठेवा, पावसाळ्यात कोरड्या कपाटात ठेवा, आणि ओलसर झाली तर पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका.

दुसरा शत्रू बंदाचं भोक. कागदाच्या ताणलेल्या पट्टीत गोल भोक असलं की त्याच्या कडेला ताण तिप्पट होतो. भोकाऐवजी टोकदार चीर असली तर तो कितीतरी पटींनी वाढतो. केंब्रिजचे अभियंते चार्ल्स इंग्लिस यांनी 1913 साली याचं गणित मांडलं. म्हणून ब्लेडनं चिरा मारून बंद ओवू नयेत, पंचनं गोल भोक पाडावं. त्याआधी तोंडाची कड दोन बोटं आत दुमडून चिकटवावी आणि भोकाच्या जागी आतून जुन्या सुती साडीचा तुकडा लावावा. ओढ कागदावर न येता कापडावर येते. मी तर म्हणेन, पिशवीवर खर्च करायची एकच मेहनत असेल तर ती इथं करा. बाकी सगळं दुय्यम. बंदही नायलॉनच्या सुतळीचा नको, ती बारीक असली की कागद कापते. रुंद सुती पट्टी लावा.

बूड दुहेरी करायला लग्नपत्रिकेचं जाड पान उत्तम, कोपऱ्यांवर येणारा भार ते पसरून घेतं. चिकटवायला मैद्याची खळ चालते, पण ओल लागली की तीही सुटते. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, तो विषारी असतो, पिशवीसाठी नको. घडी मात्र जुन्याच घडीवर घाला. दर वेळी नवी मुरड पडली की आणखी काही तंतू मोडतात.

मेणबत्ती घासून कागद जलरोधक करण्याची युक्ती मला पटत नाही. पाणी थोडं थोपतं खरं, पण मेणानं माखलेला कागद पुनर्वापराच्या लगद्यात नीट विरघळत नाही. प्लास्टिकचा चकचकीत पापुद्रा लावलेल्या पिशव्यांचंही तेच. आणि छापील रद्दीच्या पिशवीत भजी, फरसाण, कापलेली फळं ठेवू नका. शाईतली रसायनं तेलात उतरतात, आणि भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं याबद्दल वारंवार बजावलंय.

दुकानदारानं पिशवी पुढे केली तर चकचकीत नको, साधी तपकिरी मागा. फाटली तरी ती रद्दीत देता येते, आणि तिच्यातले तंतू साधारण पाच-सात वेळा पुन्हा कागद होऊ शकतात.