बिबट्या दुष्ट नसतो, मग कसा असतो?

चार-पाच वर्षांच्या कुठल्याही मुलाला विचारून बघा, कोल्हा कसा असतो? उत्तर तयार असतं, ‘लबाड!’ गाढव? ‘मूर्ख!’ ससा? ‘भित्रा!’ आणि वाघ? ‘दुष्ट!’ ही उत्तरं आपणच रात्री झोपवताना सांगितलेल्या गोष्टींमधून आलेली असतात. गोष्टी हव्यातच, त्यांच्याशिवाय बालपण कसलं? पण मुलांची ओळख गोष्टीतल्या वाघापाशीच थांबली, तर खरा प्राणी काय खातो, कधी हिंडतो, का लपतो, हे त्यांना कळणार कधी?

मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न नुसत्या सामान्यज्ञानाचा नाही. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. त्याच्या एका अंगाला बोरिवली-कांदिवली, दुसऱ्या अंगाला मुलुंड-भांडुप, आणि खाली गोरेगावची आरे वसाहत. या जंगलात बिबटे राहतात आणि रात्री कधीकधी सोसायट्यांच्या आवारापर्यंत येतात. २००४ साली या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत अनेकांचे जीव गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीत, आरेमध्ये सोळा महिन्यांची एक चिमुरडी बळी पडली. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेरकडच्या मैत्रिणींना तर हे वेगळं सांगायलाच नको. तिथे उसाच्या फडातच बिबट्याची पिल्लं जन्माला येतात.

मग मुलांना काय सांगायचं? ‘बाहेर जाऊ नकोस, बिबट्या येईल हं!’ एवढंच सांगितलं तर मूल नुसतं घाबरतं. घाबरलेलं मूल ऐन वेळी पळत सुटतं, आणि नेमकं तेच करायचं नसतं. २०११ मध्ये वनखात्याने, उद्यानाचे तेव्हाचे संचालक सुनील लिमये आणि बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या पुढाकाराने, ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. शाळा आणि सोसायट्यांमध्ये जाऊन लोकांना बिबट्याची ओळख करून द्यायची, हा त्यातला मोठा भाग होता. बिबट्या पकडून दुसरीकडे नेऊन सोडला की प्रश्न मिटत नाही, त्याच्या सवयी माणसांनी समजून घ्यायला हव्यात, असा त्यामागचा विचार. घरच्या घरी हीच ओळख आपण खेळातून करून देऊ शकतो.

‘कसा आहे’ नको, ‘काय करतो’ विचारा

प्राणिसंग्रहालयात गेलं की आपण मुलांना पिंजऱ्यामागून पिंजरे दाखवत पळवतो. त्याऐवजी तीन-चारच प्राणी बघा, पण प्रत्येकापाशी दहा मिनिटं थांबा. आत्ता तो काय करतोय? कान कुठे वळवतोय? एकटा आहे की सोबतीने? बोरिवलीच्या सफारीत नोव्हेंबर २०२२ मध्ये जुनागढच्या सक्करबागेतून आशियाई सिंहांची जोडी आली होती. सिंह कळपाने राहतो, वाघ मात्र एकटा हिंडतो. एवढा एक फरक समजला तरी मुलाची फेरी सार्थकी लागली.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ साली हम्बोल्ट पेंग्विन आले. मुलं पेंग्विनच्या चित्रात हमखास बर्फ काढतात. पण हे पेंग्विन पेरू आणि चिली देशांच्या किनाऱ्यावरचे, तिथे असा बर्फ नसतो. हे कळल्यावर मूल आपणहून विचारतं, ‘मग ते राहतात कुठे?’ हाच प्रश्न आपल्याला हवा असतो.

मूल सांगेल, आई लिहील

घरी आल्यावर शंभर पानी वही घ्या. एका पानावर एक प्राणी. मुलाला लिहिता येत नसेल तर त्याने सांगायचं आणि तुम्ही त्याच्याच शब्दांत लिहायचं. ‘बिबट्याची शेपटी लांब आहे, झाडावर तोल जाऊ नये म्हणून.’ वाक्य सुधारायला जाऊ नका. शेजारी त्याला चित्र काढू द्या. आपलं बोलणं कागदावर उतरतं आणि पुन्हा वाचता येतं, हे कळलं की अक्षरांची गोडी आपोआप लागते. अट एकच, ‘चांगला’, ‘वाईट’, ‘दुष्ट’ हे शब्द या वहीत येऊ द्यायचे नाहीत.

यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं, तेही पानं, बिया, शंख-शिंपले अशा हाताशी असलेल्या वस्तूंवरच.

स्वयंपाकघरातला बिबट्या

अर्धा बटाटा कोरून पंजा करा, एक गादी आणि चार बोटं. रंगात बुडवून ठसे उमटवा. मग अंगणातल्या ओल्या मातीत कुत्र्याचे आणि मांजराचे ठसे शोधायला सांगा. कुत्र्याच्या ठशात नखं दिसतात, मांजराच्या नाही, कारण चालताना ते नखं आत ओढून घेतं. बिबट्याही तसाच! शिवाय दोन बिबट्यांच्या अंगावरचे ठिपके कधीच सारखे नसतात. अभ्यासक फोटोतले ठिपके जुळवूनच बिबटे ओळखतात. एकाने ठिपक्यांचं चित्र काढायचं आणि दुसऱ्याने चार चित्रांतून ते हुडकायचं, हा खेळ पावसाळ्यात घरात बसून मस्त रंगतो.

अंगणात खेळायला आपला जुना ‘वाघ-शेळी’ थोडा बदला. एक मूल ओट्यावर उभं राहून वानर होईल, बाकीची हरणं आणि एक बिबट्या. बिबट्याने लपत यायचं. वानराला तो दिसला की त्याने ओरडायचं, हरणांनी लगेच थबकून त्याच्याकडे बघायचं, आणि बिबट्या बाद! जंगलातही असंच होतं. बिबट्याची शिकार लपून राहण्यावर चालते. आपण दिसलो हे कळलं की बहुतेक वेळा तो माघार घेतो.

खेळून झाल्यावर मुलांनाच विचारा, मग आपण काय करायचं? उत्तरं तीच देतील. अंधारात एकटं बाहेर जायचं नाही, सोबत मोठं माणूस आणि बॅटरी हवी, बोलत-गात चालायचं. अंधारात बाहेर उकिडवं बसायचं नाही, कारण बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं. तो दिसलाच तर पळायचं नाही, ताठ उभं राहून मोठ्या माणसाला हाक मारायची. उरलेलं काम आपलं. घराभोवती कचरा साठू द्यायचा नाही, कारण कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या. तो दिसला तर गर्दी न करता वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं.

आरेच्या आणि बोरिवलीच्या पाड्यांवरचे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाला पूजतात. त्याला दुष्ट न म्हणता त्याचा मान राखून, आपली मुलंबाळं सांभाळून ते जंगलाशेजारी राहत आले. आपल्या मुलांच्या वहीतही पहिलं पान वाघोबाचंच असू द्या. आणि आज रात्री गोष्ट सांगून झाली की एक प्रश्न जरूर विचारा, ‘खरा वाघ असा वागेल का रे?’