दूरचे दुःख, दारचे दुःख

अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखक रिचर्ड राईट १९४६ साली प्रथम पॅरिसला गेला, तेव्हा तेथील रसिकांनी त्याचे मोठे स्वागत केले. झां पॉल सार्त्र यांच्या मासिकाने त्याचे ‘ब्लॅक बॉय’ हे आत्मचरित्र १९४७ मध्ये क्रमशः छापिले. स्वदेशी ज्यास गोऱ्यांच्या पंक्तीस बसण्याचा पदोपदी मज्जाव, त्यास परमुलखी मानाचे पान मिळाले!

ही गुणग्राहकता खरीच. तथापि १९४८ साली त्याच नगरीत आलेल्या जेम्स बाल्डविनच्या नजरेतून दुसरी बाजू सुटली नाही. अमेरिकन पाहुण्याचा आदर करणारे हे शहर आपल्याच साम्राज्यातील अल्जीरियन मजुरास मात्र हिडीसफिडीस करीत होते.

फ्रेंचांस हसण्याचा अधिकार आम्हांस आहे काय? दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली निघाले. पुण्यास स्थायिक झालेल्या गी प्वातव्हँ यांनी ते फ्रेंचमध्ये नेले, आणि १९९० मध्ये ते तिकडे प्रसिद्ध झाले. त्यातील महारवाडा फ्रेंच वाचकास सातासमुद्रांपलीकडचा. आम्हा खानदेशकरांस मात्र रोजच्या वाटेवरचा.

काही वर्षांपूर्वी धुळ्यास आमच्या माजघरात राईटच्या पुस्तकातील प्रसंग मराठीत सांगितले गेले, तेव्हा वडील मंडळींचे डोळे पाणावले. ‘बलुतं’ उघडताच मात्र, “आता जुने कशास उकरता?” असा प्रश्न आला. पुस्तक मिटले. आमच्या जळगावच्या वहिनी ते सोबत घेऊन गेल्या. पंधरा दिवसांनी त्यांचे पत्र आले: रोज दुपारी काकूंस वाचून दाखविते, वाड्याच्या मागल्या दारी भाकरी वरून कशी टाकीत असत, हे काल त्यांनी आपण होऊन सांगितले.