चढत्या सुराची मोजणी

डोळे मिटून शांत बसा. मित्राला खोलीत कोठेही उभे राहून एक टाळी वाजवायला सांगा. टाळी डावीकडे वाजली, उजवीकडे वाजली की मागे, हे तुम्ही न पाहता सांगाल. हे कसे जमते बरे?

उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोचतो. डाव्या कानात तो किंचित उशिरा पोचतो. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो! वाटेत डोके आड येते, म्हणून आवाजाचा जोरही कमी होतो. कानाच्या बाहेरच्या भागावरील घड्यांमुळे आवाजाचे रूप थोडे बदलते. या खुणांवरून मेंदू दिशा ओळखतो.

काही घरांत चित्रपट पाहण्यासाठी खोलीभर सात स्पीकर लावतात. हेडफोनला मात्र दोनच बाजू असतात. तरीही हेडफोनमधून सात दिशांचा भास निर्माण करता येतो. त्यासाठी प्रत्येक स्पीकरचा आवाज आपल्या दोन्ही कानांपर्यंत येताना कसा बदलतो, हे आधी मोजावे लागते. मग संगणक तोच बदल हेडफोनच्या आवाजात करतो. प्रत्येकाच्या कानांची ठेवण वेगळी असते. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा आपल्याला चालेल का? तसेच हे आहे. दुसऱ्याची मापे वापरली, तर पुढचा आवाज मागून किंवा डोक्याच्या आतूनच आल्यासारखा वाटतो.

मोजणीसाठी दोन्ही कानांच्या तोंडाशी छोटे मायक्रोफोन बसवतात. मग एकेका स्पीकरमधून खालून वर चढत जाणारा एक सूर वाजवतात. त्याला ‘स्वीप’ म्हणतात. मायक्रोफोनने टिपलेला आवाज आणि मूळ सूर यांची संगणक तुलना करतो. या सुराची जुळणी नीट केली नाही, तर सारी मेहनत फुकट जाते. ही जुळणी कशी करतात, ते पाहू या.

पहिली गोष्ट चढण्याच्या रीतीची. माणसाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. समजा, सूर १० सेकंदांत सारख्या वेगाने चढला, म्हणजे दर सेकंदाला सुमारे २,००० हर्ट्झ वाढला. मग २० ते ४० हर्ट्झचे अंतर तो सेकंदाच्या शंभराव्या भागात ओलांडील! एवढ्या वेळात २० हर्ट्झचे एक कंपनही पुरे होत नाही. म्हणून प्रत्येक सप्तकाला सारखा वेळ देतात. २० ते ४० हे एक सप्तक, ४० ते ८० हे दुसरे. अशी सुमारे दहा सप्तके होतात आणि प्रत्येकाला एक सेकंद मिळतो. इटलीतील पार्मा विद्यापीठाचे अँजेलो फारिना यांनी २००० साली पॅरिस येथे या रीतीच्या सुराची मोजणीपद्धत मांडली. स्पीकरच्या आवाजात काही दोष मिसळला, तर तो या पद्धतीने वेगळा काढता येतो.

दुसरी गोष्ट कालावधीची. सूर दुप्पट वेळ वाजवला, तर पंख्याच्या घरघरीसारख्या सततच्या गोंगाटाच्या तुलनेत तो ३ डेसिबेलने वर येतो. मग सूर खूप लांबवावा का? नाही. तेवढा वेळ डोके स्थिर राहत नाही. १०,००० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर असते. त्यामुळे डोके एक सेंटिमीटर हलले, तरी माप चुकते. आधी पंखा बंद करावा, मग सूर गरजेपुरताच लांबवावा.

तिसरी गोष्ट जोराची. आवाज फार हळू ठेवला, तर तो गोंगाटात बुडतो. फार मोठा ठेवला, तर स्पीकर फाटल्यासारखा वाजतो. त्यातील उंच सुरांचा नाजूक भाग जळूही शकतो. शिवाय, जो आवाज मायक्रोफोन टिपतो तोच आपले कानही सोसत असतात, हे विसरू नका. म्हणून सुरुवात नेहमी हळू आवाजाने करावी.

चौथी गोष्ट सुरुवातीची आणि शेवटाची. लहान स्पीकरला २० हर्ट्झचा सूर झेपत नाही. त्याच्यासाठी सूर थोडा वरून सुरू करावा. सूर एकदम सुरू केला किंवा एकदम तोडला, तर ‘टक्’ असा आवाज येतो. म्हणून तो हळूच उचलावा आणि हळूच सोडावा. सूर संपल्यावरही खोलीतला घुमणारा आवाज विरेपर्यंत नोंद चालू ठेवावी.

मुलांनो, यंत्र कितीही चांगले असले, तरी ते नीट लावणारा माणूस लागतो. वेळ किती, जोर किती आणि थांबायचे कोठे, हे त्यालाच ठरवावे लागते. आता पुन्हा डोळे मिटा आणि आसपासचे आवाज ऐका. तुमचे दोन कान किती दिशा ओळखतात?

स्वाध्याय
१. आवाजाची दिशा मेंदू कशावरून ओळखतो?
२. दुसऱ्याच्या कानांची मापे आपल्याला का चालत नाहीत?
३. चढता सूर फार लांबवला, तर काय होईल?